वासराखाली घातलेलं गवत

चाऱ्यातलं मला कळतं, हे मी आयुष्यभर मिरवलं. आमच्या कळंबात कुणाची गाय दूध चोरायला लागली की बाया मला विचारायला येतात, आणि मीही नाक वर करून सांगते, मका एवढा टाक, घास एवढा टाक, पेंड भिजवून दे. घास म्हणजे लसूणघास, आम्ही नुसतं घासच म्हणतो. गोठ्यात सहा गाया आहेत. डेअरीत आमच्या दुधाला कुणी कधी नाव ठेवलं नाही. म्हणून पुढचं लिहिताना हात आखडतो. माझ्या हातच्या चाऱ्यानं एक जनावर गेलं, तेही ओंजळीत मावेल एवढं. आणि ते आजारी पडल्यावर मी जे बोलले, त्याची लाज मला आजही खाली बघायला लावते.

दिवाळीच्या सुट्टीत मुलगा, सून आणि नात पुण्याहून आले, तर गाडीतून सगळ्यात आधी पिंजरा उतरला. आत दोन गिनीपिग. एक पांढरी, एक तपकिरी, दोघी माद्या. नव्या फ्लॅटच्या मालकानं जनावर चालणार नाही म्हणून सांगितलेलं, तेव्हा दुसरी जागा मिळेपर्यंत त्या आमच्याकडे राहणार होत्या. नात चौथीत. ती पिंजऱ्याला अशी चिकटलेली की जेवायला हाताला धरून उठवावं लागे. आमचे हे वाकून बघायला गेले आणि म्हणाले, "एवढाले उंदीर झाले का राव पुण्यात?" पोरगी रडायच्या बेतात. मग ह्यांनीच कोथिंबिरीची काडी आत धरली, तर तपकिरी शीळ घालत धावली आणि काडी ओढून नेली. हे इतके हसले की विचारू नका.

जायच्या दिवशी नातीनं पिंजऱ्याच्या वर भिंतीला एक कागद चिकटवला. स्केचपेननं लिहिलेला, कडेला फुलं काढलेली. वाळलं गवत दिवसरात्र समोर पाहिजे, कारण त्यांचे दात वाढत राहतात आणि चावून चावून झिजवावे लागतात. थोडी ढोबळी मिरची, थोडी कोथिंबीर. पाणी रोज बदलायचं. आणि शेवटची ओळ लाल पेननं: लसूणघास फक्त पिल्लांना आणि गाभण असेल तर. मोठ्यांना अजिबात नाही. तिनं मला तो कागद दोनदा वाचून दाखवला. "आजी, नक्की ना?" म्हणाली. मी म्हटलं, "अगं, तुझ्या बापाला वाढवलं, ह्या दोन मुठींचं काय घेऊन बसलीस!"

बरोबर गवताच्या दोन पिशव्या दिल्या होत्या. परदेशी गवत, टिमोथी की काय नाव, वर सशाचं चित्र छापलेलं. पिशवीला तोंड मिटायची झिप, आत गवत! मी तर कपाळावर हात मारला. आमच्या बांधावर फुकट उगवतं ते लोक पिशवीत घालून विकतात आणि आमचा पोरगा विकत घेतो. शेजारीण आली की मी त्या पिशव्या फडताळात टाकायची. सहा गायांच्या घरात विकतचं गवत येतं, हे कुणाला दिसायला नको होतं मला.

पिशव्या संपत आल्या तसा मुलाचा फोन आला, "आई, ऑनलाइन टाकतो, मंचरपर्यंत येईल, बाबा घेऊन येतील." मी त्याला मधेच तोडलं. "कुरियरनं चारा मागवायचा? कळंबात? माझ्या जिवंतपणी नाही." म्हणाला, मग तूच बघ चांगलं वाळलं गवत. मी म्हटलं, बघते.

आणि मी बघितलं, असं नाही म्हणायचं मला. मी कडबा तोडून घातला, तर ताटं त्यांच्या अंगाएवढी जाड, त्या वरच बसल्या. भाताचा पेंढा घातला, तर त्यात झोपल्या. मक्याचा वाळला पाला पांढरीनं चघळला आणि टाकला. बांधावरचं गवत कापलं होतं, पण एक तर ते कुसळाचं, तोंडात रुततं, आणि दुसरं म्हणजे शेजारच्यानं तणनाशक मारलेलं. तेव्हा मला घाटघरची बाई आठवली.

ही बाई दरवर्षी आमच्याकडे कांद्याला येते. लागणीला एकदा, काढणीला एकदा, बरोबर तिकडच्या पाचसहा जणी. नाणेघाटाच्या अंगाला तिचं घर, रान सगळं डोंगराचं. माझ्याच वयाची, मला वयनी म्हणते. मी फोन केला, म्हटलं, नातीची जनावरं आहेत, दात वाढतात म्हणे, येताना मऊ वाळलं गवत आण. ती एवढंच म्हणाली, "किती मोठी हायेत? तोंड केवढं हाये?" मला हसू आलं. चाऱ्यासाठी जनावराचं तोंड विचारणारी मला ती पहिलीच भेटली.

लागणीला आली तेव्हा डोक्यावर जुन्या लुगड्यात बांधलेला भारा होता. घाटघरहून जुन्नर, जुन्नरहून इकडे, दोन एसट्या बदलून. कंडक्टरशी भांडली असणार, कारण एसटीत भारा टपावर टाकू न देता मांडीवर घेऊन आली होती. ओसरीवर सोडून बसली. गवत बारीक, पानाचं जास्त, काडीचं कमी, हिरवट झाक अजून तशीच. "फुलायच्या आधी कापलेलं हाये वयनी. पवन्या हाये, थोडं मारवेल हाये. दवात भिजू दिलं न्हाई, पडवीत वाळवलं. कुसळ एक बी न्हाई, समदं हातानं येचलंय, डोळं दुखाय लागलं." मूठभर माझ्या नाकापाशी धरली. गोड वास होता, तो मला आजही येतो. मी काय द्यायचं म्हणून विचारलं, तर म्हणाली, "लेकरासाठी आणलंय, त्याचं काय घ्यायचं?"

आता माझी अक्कल ऐका.

आमच्यात वाळलं गवत म्हणजे भाकडाचं खाणं. जी गाय दूध देत नाही, जिला नुसती जगवायची, तिच्यापुढे वाळलं टाकतात. दुभतीला घास. गाभणीला घास. पाहुणा गोठ्यात डोकावला आणि दावणीत नुसतं वाळलं दिसलं, की तो मनात समजतो, ह्यांचं काही खरं नाही. हे माझ्या हाडात मुरलेलं. त्यात त्या दोघी नातीच्या, म्हणजे पाहुण्याच. त्यांच्यापुढे मी डोंगरातलं, घरं शाकारायचं गवत टाकू? माझ्याकडे पाऊण बिघा हिरवागार घास उभा असताना? भिंतीवरचा कागद माझ्यासमोर होता. पण मला वाटलं, पोरीनं कुठल्या तरी व्हिडिओत बघून लिहिलंय, तिला काय कळतंय घासातलं.

घाटघरच्या बाईची पाठ वळल्यावर मी तो भारा गोठ्यात नेला. नुकतंच वासरू झालं होतं, थंडी होती. त्याच्या खाली पसरून टाकला. मऊ होता, वासरू छान बसलं.

आणि त्या दोघींना सकाळ-संध्याकाळ घास. कोवळा, पहाटे कापलेला. वर गोळी पेंड, चिमूटभर. त्या माझ्या बांगड्या वाजल्या की शिट्ट्या मारायच्या. मला काय आनंद व्हायचा! महिन्याभरात दोघी गोल झाल्या. तपकिरी तर पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अशी बसायची, जशी डेअरीची चेअरमनच. मी फोटो काढून पुण्याला धाडले. सून म्हणाली, किती गुबगुबीत झाल्या. मी म्हटलं, गावचा चारा आहे.

पण नात फोनवर यायची ती एकच विचारायची. "आजी, वाळलं गवत दाखव ना." पहिल्या वेळी मी म्हटलं, आत्ताच संपवलं त्यांनी. दुसऱ्या वेळी काय सांगणार? मग मी गोठ्यातून त्या भाऱ्यातला एक झुपका आणला, जो वासराच्या अंगाखाली आला नव्हता, आणि फडताळात ठेवला. व्हिडिओ कॉल आला की घास बाजूला सारायचा, झुपका पिंजऱ्यात ठेवायचा, दाखवायचा. फोन ठेवला की परत फडताळात. साठीला आलेली बाई मी, नऊ वर्षांच्या पोरीसमोर नाटक करत होते, आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. उलट गंमत वाटायची. हे एकदा म्हणाले, "कशाला फसवती पोरीला?" मी म्हटलं, "तुमी गप बसा, त्यांची तब्येत बघा."

शिमगा झाला आणि तपकिरीचं बिघडलं. लघवी करताना ती ओरडायची. शिट्टी नव्हे ती, काहीतरी वेगळंच, अंग चोरून, पाठ वाकवून. खालच्या पेपरवर पांढरं चुन्यासारखं सुकलेलं दिसलं. दुसऱ्या दिवशी त्यात लाल. घासाला तोंड लावेना. त्या दिवशी गायीसाठी डॉक्टर येणार होते, त्यांना हाताला धरून आत नेलं. डॉक्टर गुरांचे, भला माणूस. म्हणाले, "काकू, एवढ्याशा जिवाचं मी काही करू नये, हिला पुण्यालाच न्या." मग वाकले, पिंजऱ्यातली घासाची पेंढी उचलली, भिंतीवरचा कागद वाचला. लाल ओळ दोनदा वाचली असावी. "हे रोज घालता?"

मी पेंढी त्यांच्या हातातून घेतली आणि पदराआड धरली.

"ह्यात चुना किती असतो, तुम्हाला मी सांगायला पाहिजे का? तो गायीच्या दुधातून जातो. हिचं काय दूध काढायचंय तुम्हाला? खडा झालाय बहुतेक." रागावून नाही, हळूच बोलले. रागावले असते तर बरं झालं असतं, मी उलट बोलले असते. गायीला व्यायल्यावर चुना कमी पडतो आणि ती बसते, हे मी पन्नास बायांना समजावलंय. तोच चुना मी मान वर करून ह्या जिवात भरत होते.

मुलाला फोन लावला. कांदा काढणी चालू होती, घाटघरच्या बाया वावरात होत्या. मी ओसरीवर उभी, फोन स्पीकरवर, कारण हातात तपकिरी होती. मुलगा म्हणाला, लगेच निघतो. मागून नातीचा आवाज आला, रडवेला. "आजी, तिला काय खायला दिलंस?"

खरं बोलायला एक श्वास पुरला असता. मी म्हटलं, "अगं, ते डोंगरातलं गवत बाधलं बाई. कुसळ राहिलं असेल त्यात. ह्या लोकांना काय, कसंही कापून आणतात."

मागे वळले, तर ती बाई दारात उभी. पिण्याच्या पाण्याची कळशी भरायला आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. माझा चेहरा कसा झाला असेल देव जाणे. ती म्हणाली, "कुसळ निघालं का वयनी? खरंच?" आणि मी, मेली, काय म्हणावं? "असेल एखादं. जाऊ दे, तू काय मुद्दाम केलं नाहीस." मोठ्या मनानं माफ केल्यासारखं! ती कळशी घेऊन गेली. वावराची वाट सरळ होती, पण ती गोठ्यावरून वळून गेली. मला ते दिसलं, आणि मी त्याचा विचार करायचं टाळलं.

तपकिरीला पुण्यात नेलं. खडा होता. ऑपरेशन केलं, पण ती त्यातून उठली नाही. नातीचा फोन आला तेव्हा मला वाटलं आता ही माझ्यावर ओरडेल. ती म्हणाली, "आजी, तू रडू नकोस. तुला कसं कळणार? गवत बाहेरचं होतं." पोरगी माझी समजूत काढत होती. मी पदर तोंडात कोंबला.

परीक्षा संपली आणि नात आली, पांढरीला भेटायला. मुलानं कुरियरची पिशवी आणली होती, ती तिनं स्वतः फोडली. मी तोवर घास बंद केला होता, पण का ते कुणाला सांगितलं नव्हतं. संध्याकाळी बाया वावरातून परत आल्या, ओसरीपाशी हातपाय धूत होत्या. नात घाटघरच्या बाईसमोर जाऊन उभी राहिली. लहानसा आवाज, पण ठाम. "तुम्ही आणलेल्या गवतामुळे माझी गिनीपिग मेली. त्यात कुसळ होतं."

सगळ्या बाया थांबल्या. बाईनं नातीकडे बघितलं, मग वर माझ्याकडे. फार वेळ नाही. आणि म्हणाली, "व्हय बाय. चुकलंच माझं. बघाया पायजे व्हतं नीट."

मी काय केलं असेल? मी आत गेले आणि चहा ठेवला. साखर दोनदा टाकली. तो चहा कुणाला प्यायला दिला आणि कुणी काय म्हटलं, काही आठवत नाही. एवढं आठवतं की ओट्याला धरून उभी होते आणि स्वतःला म्हणत होते, बोल, बोल, अजून ती दारात आहे. ती गेली.

सकाळी नात पिंजऱ्यापाशी बसली होती, तिला सांगितलं. घास, पेंड, वासरू, फडताळातला झुपका, सगळं. ती ऐकत राहिली. मला वाटलं होतं रडेल. तिनं फक्त विचारलं, "मग त्या आजी हो का म्हणाल्या?"

मी पिंजऱ्यातला पेपर बदलायला घेतला.

"त्यांना सांगितलंस?"

नाही, म्हटलं. ती उठली, चप्पल घातली आणि माझा हात धरला. मला वावरात ओढत नेलं तिनं, अक्षरशः. बाया ओळीनं बसून कांद्याची पात कापत होत्या. सगळ्यांच्या समोर उभी राहून मी बोलले. म्हटलं, तुझं गवत त्यांनी खाल्लंच नाही. मी घास घातला, म्हणून ती गेली. तुझ्यात खोट नव्हती, माझ्यात होती. एक पोरगी फिसकन हसली आणि गप्प झाली.

बाईचा विळा थांबला नाही. पात कापत कापतच म्हणाली, "मला ठावं व्हतं वयनी. पाण्याला आले त्याच दिशी वासराखाली बघितलं मी. कुजलं व्हतं समदं." मग नातीकडे बघून म्हणाली, "आजी हाये तुझी. तुझ्या म्होरं तिला कशी पाडू?"

तिनं लेकरासाठी निवडलेल्या गवतावर मी शेण पसरू दिलं होतं, आणि तिला माझी अब्रू जपायची पडली होती. तिथेच बांधावर बसले मी.

नात पुण्याला गेली. पांढरीला नेता येत नव्हतं, फ्लॅट तोच. जायच्या आधी तिनं जुना कागद काढला आणि नवा लावला. फुलं काढली नाहीत. पहिलीच ओळ लाल पेननं: गवत आजीने निवडायचं नाही. येणारा जाणारा प्रत्येक जण ती वाचतो. चारा विचारायला आलेल्या बायाही वाचतात आणि माझ्याकडे बघतात. हे म्हणाले, काढून टाक, ती काय रोज बघायला येणारे? मी काढला नाही.

यंदाही कांदा लागणीला घाटघरची बाई आली. डोक्यावर लुगड्यात बांधलेला भारा, पहिल्यासारखाच, दोन एसट्या बदलून. मी पुढे होऊन हात केले. ती बाजूनं आत गेली. भारा माझ्या हातात देत नाही ती आता. पिंजऱ्यापाशी मांडी घालून बसते, गाठ स्वतः सोडते, एकेक मूठ झटकून बघते, कुसळ आहे का, आणि स्वतःच्या हातानं आत टाकते. पांढरी खायला लागेपर्यंत उठत नाही. उरलेलं बांधून फडताळात ठेवते आणि किती मुठी आहेत ते नातीला फोन करून सांगते.

मी जवळ उभी असते. चहा ठेवू का, विचारते.

"नको वयनी," म्हणते, "हिचं खाऊन होऊ द्या."